मिस्टर अहरोन घरी आहेत का?

मिलर्स लँडिंग, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १६ जुलै १९७८

प्रिय क्लिओथाताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. आत लोकरी मोज्यांचे दोन जोड, सुक्या जर्दाळूंची एक पिशवी आणि थॅडचं शाळेतलं भूमितीचं पुस्तक. वर दोन डॉलर चाळीस सेंटची तिकिटं. खोका कोपऱ्यात फाटला होता म्हणून पोस्टमनने घरी आणला नाही. तुझा मेहुणा रॉस्को बसने जाऊन घेऊन आला, त्याचे जाऊन-येऊन सत्तर सेंट. जर्दाळू तुमच्या सॅन डिएगोला स्वस्त असतील असं मी धरून चालते. चिठ्ठी नव्हती. मी खोका उलटा करून पाहिला, मोज्यांत हात घालून पाहिला. रॉस्को म्हणाला, "तुझ्या बहिणीचा राग पण कसा नीट घडी घालून येतो बघ."

ताई, मे महिन्यात तू फोनवर म्हणालीस की त्या खेळाबद्दल मला एक अक्षर लिहू नकोस. मी ते पाळणार आहे. मी फक्त तुझ्या भाच्याबद्दल लिहीन. मध्ये खेळ आडवा आला तर तेवढी ओळ ओलांडून पुढे वाच.

थॅड काल रिव्हरमेन फुटबॉल संघाच्या शिबिराला गेला. त्याला संघाने मानाने निवडलेलं वगैरे नाही. "ये, बघू," एवढंच बोलावणं. काम तेच, कॉलेजात करायचा ते, चेंडू पोटाशी धरून धावायचं. संघाचा पहिला धावणारा ठरलेला आहे, त्याची जागा दगडावर कोरलेली. त्याच्या बदलीची एक जागा रिकामी आणि तिच्याभोवती पोरं चार.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. शेवटचं एक सत्र उरलं होतं, ते झालं असतं की शाळेत मास्तर झाला असता, आणि तो चालला हाडं मोडून घ्यायला. मी वाद घालत नाही. त्याने मला शब्द दिलाय की शिबिरातून परत पाठवलं तर सप्टेंबरात मुकाट्याने कॉलेजात जाईन. म्हणजे तो हरला तर तुझ्या मनासारखं आणि जिंकला तर त्याच्या. मी दोघांच्या मध्ये बसून बटाटे सोलते आहे.

तुझी धाकटी,
अर्वेला


रविवार, ३० जुलै

प्रिय ताई,

सलाम. तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. पंधरा सेंटचं तिकीट मी देवाच्या कामात धरलंय.

आज आम्ही सकाळची उपासना संपवून शिबिरावर गेलो. दुपारी घरच्यांना आत सोडतात. मी पीच घालून गोड केक मोठ्या ताटात भाजून नेला होता. पीच डागाळलेले घेतले, अर्ध्या भावात मिळतात आणि साखर घातल्यावर डाग कोणाला दिसतो!

चारांतले दोन धावणारे आधीच घरी गेलेत. उरले थॅड आणि लुइझियानाचा एक मुलगा, अल्सीड नावाचा. आणि ऐक, दोघांना एकाच खोलीत ठेवलंय. मी म्हटलं, हा कसला कारभार? थॅड म्हणाला, "मम्मा, तो चांगला आहे गं. फक्त झोपेत पण धावतो, पांघरूण सगळं माझ्या अंगावर येतं."

हा अल्सीड काटकुळा, दात पुढे, आणि बोलणं असं की नदीला पूर. आई लहानपणी गेली, आजीने वाढवला. माझं अर्धं ताट त्याने एकट्याने संपवलं आणि वर म्हणतो, "अर्वेलाकाकू, खरं सांगू? मला वाटलं थॅड फुशारक्या मारतो. आता कळलं तो एवढा जाड का!"

"मी जाड?" थॅड म्हणाला. "तू वाऱ्याने उडशील म्हणून कोच तुला दारं लावून घ्यायला सांगतात."

मी विचारलं, "तुमच्या दोघांत चांगलं कोण धावतं?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग अल्सीडनेच सांगितलं. "काकू, समोर धिप्पाड माणसांची भिंत असते, धरून चाला. मी दार शोधतो, खिडकी शोधतो, अगदी उंदराचं बीळ मिळालं तरी निघून जातो. हा तुमचा भिंतीतच शिरतो."

ते मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. सरावात विटोव्स्की म्हणून म्हातारे कोच आहेत, गळ्यात शिट्टी आणि तोंडात शिव्या. (मी कानांवर रुमाल धरला होता, पण तो पातळ होता.) थॅड चेंडू घेऊन निघाला आणि सरळ एका मोठ्या माणसावर जाऊन आदळला. तो माणूस उताणा, थॅड त्याच्यावर.

"अरे मुला!" विटोव्स्की ओरडले. "उजवीकडे एवढी फट होती! ट्रक गेला असता!"

"बंद होईल वाटलं सर."

"बंद? तुझी आजी बसने आली असती तरी उघडी असती!"

रॉस्को हसला. मला हसू आलं नाही. मला दिसलं की त्या फटीतून अल्सीड गेला असता.

परत आल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, "गिल्यमसाहेब, जागा एक आणि पोरं दोन. एक माझं, एक बिनआईचं. मी कोणासाठी मागू?"

"दोघांसाठी माग."

"दोघांसाठी मागितलं तर देवाची पंचाईत होईल."

"देवाची पंचाईत देव बघेल, अर्वेला. तू भजनाच्या दुसऱ्या कडव्यात सूर फार चढवतेस, तेवढं बघ."

आता दोघांचं नाव घेते. थॅडचं आधी घेते, हे मात्र देवाला ठाऊक आहे.

अर्वेला


बुधवार, १६ ऑगस्ट

प्रिय ताई,

सलाम. काल माझ्याकडून एक गोंधळ झाला. तू रागावलेली असलीस तरी हसशील म्हणून लिहिते.

शिबिरात एक गृहस्थ आहेत. ज्याला घरी पाठवायचं त्याच्या खोलीवर ते सकाळी सकाळी येतात, दार वाजवतात आणि म्हणतात, "कोचनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन चला." वही परत घेतली की संपलं, दुपारच्या बसने गाव. सगळ्या संघांत अशा माणसाला 'तुर्क' म्हणतात, का म्हणतात ते कुणाला विचारून कळलं नाही. हा येतो मंगळवारी.

हे मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच, की काल मंगळवारी देवळातले ब्रदर हॉबार्ट कलिंगडांचा ट्रक घेऊन तिकडून जाणार होते आणि भाडं पडणार नव्हतं. मी थॅडचे धुतलेले बनियन आणि पीचचं ताट घेऊन उजाडता उजाडता त्यांच्या वसतिगृहात पोचले. मनात म्हटलं, पोरांना चकित करू. म्हणून हाक मारली नाही. नुसतं दार वाजवलं.

आत कुजबुज एकदम थांबली.

मी पुन्हा वाजवलं. तू जाणतेसच, माझा हात जड आहे. आतून खिडकी वर सरकल्याचा आवाज आला, मग धप्प, मग दुसरा मोठा धप्प. मला वाटलं खोलीत चोर! मी ताट सांभाळत जिना उतरून मागे धावले. बघते तर फुलझाडांच्या ताटव्यात अल्सीड, अंगावर एक चड्डी आणि छातीशी ती वही कवटाळलेली. त्याच्या शेजारी थॅड उपडा, त्याच्याही पोटाखाली वही.

"मम्मा?" थॅड म्हणाला.

"काकू?" अल्सीड म्हणाला. "तुम्ही आता त्यांच्याकडे नोकरीला लागलात?"

मग कळलं. पोरांत असा समज आहे, की तुर्काला तुम्ही खोलीत सापडला नाहीत तर त्या दिवसाचा सराव पदरात पडतो, आणि त्या सरावात चांगलं खेळलं तर कोच मन बदलतात. आजवर कुणाचं बदललं का, विचारलं तर एकालाही नाव सांगता येईना. तरी दर मंगळवारी पोरं खिडकीतून पडतात. म्हणून तर तळमजल्याच्या खोल्यांसाठी भांडणं होतात.

मी मान वर केली तर खिडकीत टाय लावलेले एक सभ्य गृहस्थ उभे. तेच ते. मला म्हणाले, "बाई, दार वाजवावं तर तुमच्यासारखं. मी वीस वर्षं करतोय, असा परिणाम कधी झाला नाही." मग पोरांना म्हणाले, "आत या, सर्दी होईल. मी आज शेजारच्या खोलीकडे आलोय."

तिथवर मी हसत होते ताई. मग त्यांनी शेजारचं दार वाजवलं. हळू वाजवलं. टेक्सासचा एक मुलगा होता, चेंडू झेलणारा. तो वही घेऊन बाहेर आला, मला 'सुप्रभात मॅडम' म्हणाला आणि त्यांच्यामागे चालू लागला. मी ताटातला अर्धा केक कागदात बांधून त्या मुलाच्या बॅगेत घातलं. बसचा प्रवास दोन दिवसांचा आहे म्हणे.

परतताना थॅडने मला फाटकापर्यंत सोडलं. त्याला खरचटलं होतं कोपराला, मी थुंकी लावली. तो म्हणाला, "मम्मा, पुढच्या वेळी ते आमच्याच दारात येतील. आमच्यातल्या एकासाठी."

"कोणासाठी?"

"अल्सीड माझ्यापेक्षा चांगला धावतो," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

ते त्याने रडून नाही सांगितलं. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं. मी तुझी आठवण काढली. असं सरळ बोलायला त्याला तूच शिकवलंस.

अर्वेला


रविवार, २७ ऑगस्ट

ताई,

सलाम. थोडंच लिहिते, मन ताळ्यावर नाही.

काल शेवटचा सरावाचा सामना झाला. आम्ही रेडिओवर ऐकला. पाऊस पडून मैदानाचा चिखल झालेला. पहिल्या धावणाऱ्याला जपून बाजूला बसवलं होतं, म्हणजे आमच्या पोरांना मोकळं रान. रेडिओवाला घसा फोडून सांगत होता, अल्सीड इकडून गेला, अल्सीड तिकडून गेला, अल्सीडला कोणी धरू शकत नाही. थॅडचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. सबंध दुपार, ताई. रॉस्को रेडिओला म्हणाला, "अरे, आमचं पोरगं झोपलं काय? की मैदानावरच नाही?" मग त्याने बटण फिरवलं आणि परसात जाऊन उगाच कुंपण ठोकत बसला.

मी अल्सीडसाठी आनंद मानायचा प्रयत्न केला. उपासनेत त्याचं नाव आधी घेतलं, शिक्षा म्हणून.

शेवटची यादी मंगळवारी लागते. मी थॅडच्या गादीला ऊन दाखवलंय, चादरी धुतल्यात. कॉलेजच्या कचेरीलाही पत्र टाकलं, प्रवेशाची मुदत कधीपर्यंत म्हणून. तुझ्या मनासारखं होणार असं दिसतंय. त्यात वाईट काही नाही, हे मी स्वतःला सांगते आहे.

अर्वेला


बुधवार, ३० ऑगस्ट १९७८

प्रिय ताई,

प्रभूची स्तुती असो. काल काय झालं ते आता क्रमाने लिहिते, आणि ह्यात खेळ येणार. ओलांडू नकोस.

आधी एक सांगावं लागेल. शिबिरावरून फोन करायचा तर महाग. म्हणून निघताना मी थॅडशी ठरवलं होतं, जसं आपल्या गल्लीत सगळेच करतात. त्याने ऑपरेटरला सांगायचं, पैसे समोरच्याकडून घ्या आणि अमक्यालाच बोलवा. राहिला तर 'यहोशवा' मागायचा, तो वचनदत्त देशात पोचला म्हणून. परत पाठवला तर 'योना' मागायचा, तो माशाच्या पोटातून परत किनाऱ्यावर आला म्हणून. आम्ही म्हणायचं, तो घरी नाही, आणि फोन ठेवायचा. बातमी कळली, खर्च शून्य. हे टेलिफोन कंपनीला फसवणं होतं का, ते मी पाळकसाहेबांना विचारलेलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

काल दुपारी मी इस्त्री करत होते. रॉस्कोने गिरणीतून सुट्टी घेतली होती आणि फोनकडे पाठ करून बसला होता. घंटी वाजली. मी उचलला.

"कलेक्ट कॉल आहे," ऑपरेटर म्हणाली. "मिस्टर अहरोन घरी आहेत का?"

"कोण?"

"अहरोन, बाई. अ-ह-रो-न."

मी फोनच्या तोंडावर हात ठेवून रॉस्कोला सांगितलं. तो उठून उभा राहिला. "अहरोन? अहरोन कोण? दोन नावं पाठ करायची होती ह्या गाढवाला, दोन!"

"ओरडू नकोस, विचार करू दे."

"त्यात विचार कसला? नाही म्हण आणि ठेव! परत करेल तो नीट!"

"बाई," ऑपरेटर म्हणाली, "आहेत की नाहीत?"

फोनमध्ये लांबून थॅडचा श्वास ऐकू येत होता. तो रडत नव्हता, हसूही दाबत नव्हता, नुसता थांबला होता. लहानपणी तुझ्याकडे पाढे म्हणून दाखवताना थांबायचा तसा. आणि मला रविवारच्या शाळेतला तो धडा आठवला. अमालेकांशी लढाई चालली होती. मोशेचे हात वर असले की आपली माणसं जिंकायची, खाली आले की हरायची. मोशेचे हात भरून आले तेव्हा एका बाजूने ते धरून कोण उभा राहिला? अहरोन. लढाईत त्याने तलवार धरली नाही. त्याने दुसऱ्याचा हात धरला.

मी म्हटलं, "आहेत. पैसे आम्ही देऊ. जोडा."

रॉस्को खुर्चीत बसला. घरी फोन आल्याला एकोणीस वर्षं झाली, हे वाक्य त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मम्मा," थॅड म्हणाला, "चेंडू अल्सीडला दिला."

"आणि तू?"

"मी त्याच्या पुढे."

"पुढे म्हणजे? राहिलास की नाही, एक काय ते सांग, घड्याळ चालतंय."

"राहिलो. दोघंही राहिलो."

मग एका दमात सगळं सांगितलं. धावणाऱ्याच्या पुढे एक माणूस पळतो. चेंडू त्याच्याकडे नसतो. त्याने भिंतीत शिरायचं, समोर येईल त्याला आडवा करायचा, आणि मागचा त्या वाटेने निघून जातो. रिव्हरमेनचा हा पुढचा माणूस जुना होता, आणि शनिवारी त्या चिखलात त्याच्या पाठीत उसण भरली. विटोव्स्कींनी बाकावर नजर टाकली आणि म्हणाले, "तू, भिंतीत शिरणाऱ्या. जा, ह्या पोराच्या पुढे पळ." सबंध दुपार थॅड अल्सीडच्या पुढे पळत होता. रेडिओवाला ज्या ज्या वेळी अल्सीडचं नाव घेत होता, त्या त्या वेळी आपला मुलगा कुणाच्या तरी अंगाखाली चिखलात होता.

सोमवारी विटोव्स्कींनी त्याला समोर बसवलं. म्हणाले, "धावणारे मला पोत्याने मिळतात. दुसऱ्याच्या वाटेसाठी डोकं घालणारा दहा वर्षांत एखादा. जागा हवी तर ही आहे. पण नीट ऐक. चेंडू मिळणार नाही. पेपरात नाव येणार नाही. तुझ्या आईला सुद्धा कळणार नाही तू कुठे आहेस."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, सर, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही."

तेवढ्यात अल्सीडने फोन हिसकावला. "काकू! मी ह्याला सांगितलंय, वर्षभर ह्याचं जेवण माझ्याकडून. धावणाऱ्याने पुढच्या माणसाला खाऊ घालायचं, तसा नियमच आहे. फक्त हा किती खातो ते मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही!"

रॉस्कोने मागून विचारलं, "किती मिनिटं झाली?" आणि मग स्वतःच फोन घेऊन आणखी बोलत बसला. शेवटी त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला की इस्त्रीचा धूर डोळ्यात गेला. इस्त्री केव्हाचीच बंद होती.

आता ताई, तुझ्यापासून लपवत नाही. ह्या जागेत मार जास्त आहे. धावणारा निसटू तरी शकतो, ह्याला निसटायचं नसतंच. तू ज्याला भीत होतीस ते टळलेलं नाही. मीही भिते. पण काल त्याचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, बावीस वर्षं मी ह्याला चुकीच्या जागी उभा बघत होते. तो धावायला गेला नव्हता. त्याला नुसतं तिथं पोचायचं होतं, आणि पोचल्यावर त्याला आपलं काम सापडलं. जानेवारीत मोसम संपला की शेवटचं सत्र पुरं करणार आहे. मी मागितलं नव्हतं, त्याने आपणहून सांगितलं. मास्तर तो होईलच. दुसऱ्यासाठी वाट काढून द्यायची, हेच तर मास्तरही करतो, असं मला वाटतं. तू चाळीस वर्षं करते आहेस, तू सांग.

आता मुख्य काम. सतरा सप्टेंबरला रिव्हरमेन तुमच्या सॅन डिएगोत खेळायला येताहेत. खेळाडूला घरच्या माणसांसाठी फुकट तिकीट मिळतं, पण फाटकावर नाव आधी कळवावं लागतं. मी येऊ शकत नाही, विमानाचं भाडं विचारलं आणि बाईंचे आभार मानून फोन ठेवला. थॅड म्हणाला, "मावशीला विचारशील? मला विचारायची भीती वाटते." साडेसहा फुटांच्या माणसांवर डोकं आपटतो आणि तुला भितो.

आलीस तर चेंडूमागे बघत बसू नकोस, सगळे तेच करतात. चेंडूच्या एक पाऊल पुढे बघ. लोक उभे राहून अल्सीडच्या नावाने ओरडत असतील, तेव्हा खाली जमिनीवरून जो सगळ्यांत शेवटी उठेल, तो आपला. तो उठेपर्यंत तुझ्याने श्वास सोडवणार नाही. इथे रेडिओपाशी माझाही सुटणार नाही. निदान दोघी बहिणी एकाच वेळी श्वास धरून असू.

पत्र मिळताच उलट टपाली कळव. लांबलचक नको, रागही तसाच राहू दे. फक्त फाटकावर कुणाचं नाव द्यायचं तेवढं स्वतःच्या हाताने लिही.

तुझी,
अर्वेला